पहिल्या कटला समोर

रक्त जॉबवर होतं. मशीनवर कापायला चढवलेल्या धातूच्या तुकड्याला कारखान्यात जॉब म्हणतात. हा जॉब अ‍ॅल्युमिनियमचा होता, जाडजूड पुस्तकाएवढा. त्याच्या एका कडेवर बोटभर लांब लाल रेघ उमटली होती.

ती आधी दिसली पैलवानाला. पैलवान म्हणजे मिलिंग मशीनचा ऑपरेटर. अंगाने इतका काटकुळा की कामाचा शर्ट त्याच्यावर खुंटीला अडकवल्यासारखा दिसतो. त्याला हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही.

"ताई, कुणाला लागलं?"

ताईने तो जॉब नुकताच बांधून संपवला होता. तिने पाना खाली ठेवला आणि आधी त्याचाच हात धरला. "दाखव बघू. दुसरापण दाखव."

"माझं काही नाही. तुमचा बघा की."

तिने स्वतःचा उजवा हात उताणा केला. मधल्या बोटाच्या टोकाला चीर पडली होती, आणि चिरेत धातूच्या किसाचा एक चकचकीत तुकडा अजून रुतलेला होता.

"अहो, केवढं कापलंय! कळलं नाही तुम्हाला?"

"कामाच्या गडबडीत कळतंय होय काही," ताई म्हणाली आणि हात रुमालात गुंडाळून नळाकडे गेली.

नळाखाली तिने तो तुकडा ओढून काढला. दुखलं नाही. पाणी गार आहे हे मनगटाला कळत होतं, तळव्यालाही कळत होतं. बोटांच्या टोकांपर्यंत ते पोचत नव्हतं. तिने बोटं नळाच्या तोटीवर घासली, मग भिंतीच्या खरखरीत सिमेंटवर. दोन्ही सारखंच लागलं. मागे पैलवानाने मशीनचं दार लावल्याचा आवाज झाला. या बोटांनी बांधलेल्या जॉबसमोर तो उभा राहणार होता.

ताईचं काम जॉब बांधायचं. ऐकायला सोपं वाटतं. मिलिंग मशीनमध्ये दातेरी कटर गरगर फिरतो आणि धातू खरवडत पुढे जातो. त्याचा प्रत्येक दात जॉबला एकेक टपली मारतो. जॉब जाड असला तर त्या टपल्या पचवतो. पातळ असला तर थरथरायला लागतो, आणि थरथरणाऱ्या भिंतीवरून कटर गेला की ती गुळगुळीत निघत नाही, माशाच्या खवल्यांसारखी निघते. या कारखान्यात मोजमापाच्या उपकरणांच्या पेट्या बनतात. ठोकळा आतून पोखरत पोखरत शेवटी बाजूच्या भिंती पत्र्याएवढ्या पातळ करायच्या असतात. तिथे थरथर हा रोजचा शत्रू.

थरथर आवरण्यासाठी जॉब ज्या चौकटीत बांधतात त्या फिक्श्चरला चहूबाजूंनी टेकू आहेत. टेकू म्हणजे आतबाहेर होणारे स्क्रू, टोकाला पितळेची टोपी घातलेले. भिंत जिथे थरथरेल तिथे बाहेरून टेकू आणून टेकवायचा. कुठला टेकू कुठे आणि किती, हे प्रत्येक जॉबला वेगळं. शाळेत बाकाच्या कडेवर पट्टी दाबून वाजवलेली ज्याला आठवते त्याला हे समजेल. पट्टी बाहेर जास्त असली की आवाज जाड, कमी असली की बारीक. टेकू अगदी सारख्या अंतरावर लावले तर भिंतीचे सगळे भाग एकाच सुरात वाजायला लागतात आणि एकमेकांना साथ देतात. म्हणून ताई एखादा टेकू मुद्दाम मधून बाजूला सरकवते. "साथीदार फोडला की गाणं बंद," असं ती म्हणते.

खरी गोम पुढे आहे. टेकू भिंतीला लागला पाहिजे, रुतता कामा नये. लागला नाही तर भिंत थरथरणार. रुतला तर भिंत आत दबणार, कटर दबलेल्या भिंतीला सरळ कापणार, आणि जॉब सोडला की दबलेली भिंत मूळ जागी परत येऊन वाकडी दिसणार. बांधलेला असताना जॉब निर्दोष असतो. सोडल्यावर खरं कळतं. लागणं आणि रुतणं यांच्यातलं अंतर केसाहून कमी, आणि ते ताई दोन बोटांच्या चिमटीत ओळखायची. पाना न लावता टेकू फिरवायची, आणि एका क्षणी बोटं थांबायची.

नवीन माणसाला हे जमत नाही. त्याला डायल देतात. गोल घड्याळासारखं मोजायचं उपकरण, खाली टोकदार पाय. तो पाय भिंतीला आतून टेकवायचा, बाहेरून टेकू आणायचा, काटा हलला की थांबायचं आणि किंचित मागे यायचं. वेळ लागतो, पण चुकत नाही. ताईने या डायलवाल्यांची आयुष्यभर टिंगल केली. "जेवतानापण डायल लावून बघता का रे, पोट भरलं का नाही ते?" हे तिचं वाक्य कारखान्यात इतरही वापरतात.

मशीनसमोर ऑपरेटर उभा राहतो त्याच्या पाठीमागच्या पत्र्याच्या भिंतीवर, माणसाच्या छातीच्या उंचीला, एक खोल पोचा आहे. पूर्वी मशीनला दार नव्हतं तेव्हा नीट न बांधलेला एक जॉब कटरने उचलून तिथे फेकला होता. ऑपरेटर नेमका पडलेला पाना उचलायला वाकला होता म्हणून वाचला. नंतर त्याने ती नोकरी सोडली. जॉब बांधला होता त्यावेळच्या सेटरने, म्हणजे जॉब बांधणाऱ्याने, आणि तो तेव्हा बाहेर चहा पीत होता. पोचा कुणी सरळ केला नाही. मात्र त्या दिवसापासून कारखान्यात एक रीत पडली: ज्याने जॉब बांधला त्याने पहिल्या कटला ऑपरेटरच्या शेजारी, मशीनसमोर उभं राहायचं. आता मशीनला दार आहे, दाराला जाड पारदर्शक खिडकी आहे. रीत तशीच आहे.

रक्त निघालं त्या दिवशी ताई पहिल्या कटला उभी राहिली. पोच्याकडे पाठ करून. कट नीट झाला. तिला घाम फुटलेला पैलवानाने पाहिला आणि पंखा तिच्याकडे वळवला.

घरी ताई आणि तिची सासू अशा दोघीच असतात. नवरा मालवाहू ट्रकवर असतो, येऊन जाऊन. सासू जन्मभर घरी शिवणकाम करायची. आता डोळे साथ देत नाहीत, जीभ मात्र व्यवस्थित चालते. त्या संध्याकाळी ताई दूध तापवत होती.

"अगं, पातेल्याला हात लावून उभी आहेस!"

ताईने हात झटकन मागे घेतला. बोटांची टोकं लाल झाली होती.

"चटका बसला नाही?"

"बसला ना."

"मग ओरडली नाहीस ती? मागच्या महिन्यात झुरळ बघून शेजारच्यांना बोलावलं होतंस." सासूने तिचा हात ओढून खिडकीच्या उजेडात धरला. बोटाच्या टोकाला चीर, त्यावर आता भाजल्याचा डाग. सासूने उठून कपाटातून बटणांचा डबा आणला, ताईचा हात पाठीमागे न्यायला लावला आणि त्यात एक बटण ठेवलं.

"सांग, किती भोकांचं?"

"आई, हा काय खेळ आहे?"

"किती भोकांचं?"

ताईने बटण चिमटीत फिरवलं. गुळगुळीत वाटलं. पुन्हा फिरवलं. "दोन."

"चार. आता हे?"

"चार."

"याला भोकच नाही, मागे कडी आहे. हे?"

बटण ताईच्या हातातून खाली पडलं होतं. ते टप्पा घेत पलंगाखाली गेल्याचा आवाज दोघींनी ऐकला, तेव्हा तिला कळलं.

सासूने डब्याचं झाकण लावलं. "कारखान्यात कुणाला बोललीस?"

"बोलले तर पॅकिंगच्या टेबलावर बसवतील."

"बसवू देत. तिथे खुर्ची असते म्हणतात."

"आई!"

"ओरडू नकोस. तो मशीनवरचा पोरगा, काय म्हणता त्याला, पैलवान. त्याला सांगितलंस?"

"काय सांगू? की तुझा जॉब बांधणारीला बटण कळत नाही?"

"हेच," सासू म्हणाली. "जसंच्या तसं."

ताईने सांगितलं नाही. माणूस घाबरला की करतो तेच तिने केलं: जास्त आवळायला लागली. बोटांना टेकू लागल्याचं कळत नव्हतं, म्हणून तो नक्की लागावा यासाठी ती थोडा पुढे नेई, मग आणखी थोडा. मशीनवर सगळं छान दिसायचं. थरथर नाही, आवाज नाही, भिंत आरशासारखी. पैलवान खूश. "ताई, तुमचा हात काय बसलाय सध्या!" तो म्हणाला.

जॉब पुढे तपासणीच्या टेबलावर गेले. तिथे जो बसतो त्याला सगळे भिंग म्हणतात. चांगला माणूस आहे, फक्त त्याला चांगली बातमी सांगता येत नाही. तो स्वतः चालत मशीनपर्यंत आला याचाच अर्थ काहीतरी बिनसलं होतं. त्याने एक पेटी फोरमनच्या हातात दिली.

"भिंती वाकड्या आहेत. सगळ्यांच्या. बाहेर फुगलेल्या."

"मशीनवर मापलं तेव्हा सरळ होत्या," पैलवान म्हणाला.

"बांधलेलं असताना सगळेच सरळ असतात. आमच्या मेव्हण्याकडे बघा. बायको बाजूला असली की काय शहाणा."

कुणी हसलं नाही. फोरमन आणि ताई एकाच सुमाराला इथे लागले होते. तो तिला 'बाई' म्हणतो, ती त्याला 'साहेब' म्हणते, आणि दोघांनाही त्यात चेष्टा आहे हे माहीत आहे. त्याने पेटी उलटसुलट करून पाहिली आणि ताईकडे पाहिलं. नजरेत संशय नव्हता. तिला नेमकी त्याचीच भीती वाटली.

"बाई, टेकू?"

"नेहमीसारखे," ती म्हणाली.

"मग धातूच खराब आला. आतला ताण काढलेला नाही, म्हणून कापल्यावर वाकतोय." फोरमनने तिथेच धातू पुरवणाऱ्याला फोन लावला आणि त्याची अशी काही हजेरी घेतली की शेजारच्या मशीनवरची माणसं मान वळवून बघायला लागली. ताई बाजूला उभी होती. तिने पाना धरला होता की नाही हे तिला खाली बघितल्याशिवाय सांगता आलं नसतं.

डायल तिच्याच खणात होता. खण ओढायचा, डायल काढायचा, टेकवायचा, एवढंच काम होतं. पण तिने डायल हातात घेतला की पैलवान विचारणार, भिंग विचारणार, जाता येता फोरमन थांबणार. ताई आणि डायल? जेवताना लावता का म्हणणारी? त्या प्रश्नाला खरं सोडून दुसरं उत्तर तिला सुचत नव्हतं. मग तिने टेकू सैल ठेवायला सुरुवात केली, अंदाजाने, आणि अंदाज हा शब्द तिने आजवर फक्त दुसऱ्यांच्या कामाबद्दल वापरला होता. भिंती आता सरळ निघत, पण खवले दिसत. पैलवान कटरचा वेग कमीजास्त करून, वंगणाची धार वाढवून ते लपवून घेई आणि मुकाट्याने पुढचा जॉब चढवी.

आणि ती पहिल्या कटला उभी राहीनाशी झाली. एकदा स्टोअरमध्ये काम निघालं. एकदा पाणी प्यायचं होतं. एकदा घरून फोन. कारणं खरी असत, वेळ मात्र तीच निवडे. पैलवान दार लावायचा, आजूबाजूला बघायचा, थोडा थांबायचा, आणि एकटाच बटण दाबायचा. नळापाशी उभी राहून ताई मशीनचा आवाज ऐकायची, जोपर्यंत कट पार पडत नाही तोपर्यंत. तिथून पत्र्यावरचा तो पोचा बरोबर समोर दिसतो. जुना सेटर चहा पीत होता, हे ती रोज आठवायची आणि रोज नळापाशीच उभी राहायची.

ज्या दिवशी हे संपलं तो जॉब अवघड नव्हता. ठोकळ्याचा वरचा थर काढायचा होता, तळहाताएवढ्या मोठ्या कटरने. पातळ भिंती अजून व्हायच्याच होत्या. असा जॉब बांधताना एकच गोष्ट सांभाळायची असते: बैठक. ज्या सपाट जागेवर ठोकळा बसतो ती ब्रशने झाडायची, फडक्याने पुसायची, आणि शेवटी उघड्या बोटाने एकदा फिरून यायचं. फडक्याखालून सुटलेला किसाचा कण बोटाला टोचतो. कण खाली राहिला तर ठोकळा एका कोपऱ्यात उचललेला राहतो. वरून कितीही आवळा, तो डुगडुगणारच.

ताईने झाडलं, पुसलं, बोट फिरवलं. ठोकळा ठेवला, तो दाबून धरणारे चारही क्लॅम्प पान्याने आवळले. "झालं," म्हणाली आणि नळाकडे निघाली.

"ताई," पैलवान म्हणाला.

"काय?"

"काही नाही. या तुम्ही."

ती नळापाशी पोचली. मशीन सुरू झालं. कटर धातूला लागला, आणि पहिल्याच क्षणाला आवाज आला तो तिला ओळखीचा नव्हता. खवल्यांचा चिरका आवाज तिला माहीत होता. हा खालून येत होता, दाराच्या कडीसारखा. कट, कट, कट. तिला वाटलं, हे आपल्या छातीतलं आहे. रोज भीतीने ऐकत राहिलं की कान काहीही ऐकवतात. तिने नळ सोडला, बंद केला. आवाज होताच. आता छातीतली आणि मशीनमधली कट-कट एकमेकांत मिसळायला लागली होती.

ताई धावली. तिला धावताना कारखान्यात कुणी पाहिलेलं नव्हतं. पैलवान खिडकीला नाक लावून आत बघत होता, भुवया आक्रसून, हात वेगाच्या बटणावर. तिने त्याला खांद्याने ढकललं आणि लाल बटणावर तळहात मारला.

कटर थांबायला काही क्षण लागतात. त्या क्षणांत दोघांनी खिडकीतून पाहिलं: ठोकळा त्याच्या जागेवर नव्हता. एका बाजूचा क्लॅम्प तिरका झाला होता आणि ठोकळ्याचा कोपरा वर आला होता. कटरचा पुढचा दात त्या कोपऱ्याच्या खाली शिरण्याच्या बेतात असताना सगळं थांबलं.

पैलवान मागे सरकला, स्टुलाला अडखळला आणि स्टुलावरच बसला. "खिडकी आहे," तो म्हणाला. "तशी खिडकी आहे ना मध्ये." मग त्याने पत्र्यावरच्या पोच्याकडे बघितलं.

ताईने दार उघडलं, क्लॅम्प सोडले, ठोकळा उचलला. बैठकीवर किसाचा एक कण होता, चपटा झालेला, नखाच्या कोरीएवढा. ती त्यावर बोट ठेवून उभी राहिली. दिसत होता. लागत नव्हता.

"पैलवान, इकडे ये. यावर बोट ठेव."

तो आला. बोट ठेवलं. "आई गं! टोचतंय."

"मला टोचत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मला काहीच लागत नाही. टेकू कळत नाही, कण कळत नाही. रक्त आलं तेव्हापासून मला माहीत आहे. म्हणून मी पहिल्या कटला उभी राहत नाही."

पैलवानाला हे समजायला वेळ लागला. तो आधी तिच्या बोटांकडे, मग तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला.

"मला वाटलं तुम्ही रागावलात माझ्यावर," तो म्हणाला. आवाज चिरकत होता. "मी खवले लपवत होतो, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. आणि तुम्ही… मी इथे एकटा उभा राहायचो, ताई!"

"हो."

"हो काय? हो काय म्हणता?"

तोपर्यंत फोरमन आला होता. लाल बटण दाबलं की त्याच्या केबिनमध्ये दिवा लागतो. ताईने त्यालाही तेच सांगितलं, त्याच शब्दांत, सासू म्हणाली होती तसं, जसंच्या तसं. टेकू आवळल्याचं सांगितलं, वाकड्या भिंतींचं सांगितलं.

फोरमन आधी संतापाने लाल झाला, मग त्याला धातूवाला आठवला. "अगं बाई, त्या माणसाला मी काय काय बोललो! त्याच्या बापाचा उद्धार केला!"

"फोन करा त्याला."

"आणि काय सांगू? आमच्या बाईंची बोटं झोपली होती?"

"सांगा."

त्याने कण चिमटीत उचलला, तळहातावर घेतला, आणि पत्र्याच्या भिंतीपाशी जाऊन थोडा वेळ पाठमोरा उभा राहिला. पोच्यात त्याची मूठ मावते. तो तसाच मूठ ठेवून उभा होता. वळला तेव्हा त्याने ताईला 'बाई' म्हटलं नाही. "आज तुम्ही काही बांधायचं नाही," एवढंच म्हणाला. इतक्या वर्षांत त्याने तिला चेष्टा सोडून 'तुम्ही' म्हटलेलं नव्हतं, आणि ते तिला शिवीपेक्षा जास्त लागलं.

डॉक्टरने बोटांना टाचणी टोचली, बोटं गार पाण्यात बुडवली, ती पांढरी पडताना पाहिली, आणि विचारलं की यापूर्वी काय काम करत होतात. ताईने सांगितलं: सेटर होण्याआधी बरीच वर्षं हातातला ग्राइंडर. धातूच्या कडा घासायचं काम, दिवसभर. त्याची थरथर तेव्हा संध्याकाळी घरी गेल्यावरसुद्धा हातात राहायची. चमचा धरला तर चमचा वाजायचा, सासू हसायची. डॉक्टर म्हणाला, हे तिथलंच आहे. गेलेलं परत येईल असं सांगता येत नाही. पुढचं जाणं थांबवता येईल. ग्राइंडर पुन्हा धरायचा नाही, हात उबेत ठेवायचे, अमुक दिवसांनी दाखवायचं.

"मशीनवरचं काम?" ताईने विचारलं.

"बोटांवर विसंबून करायचं काम नाही," डॉक्टर म्हणाला. "बाकी तुम्ही आणि तुमचे साहेब ठरवा."

ठरायला काही दिवस गेले. त्या दिवसांत ताई खरोखरच पॅकिंगच्या टेबलावर बसली. खुर्ची होती. फोरमनने शेवटी जे सांगितलं ते सरळ होतं: प्रत्येक टेकू डायल लावून; बैठक पैलवानाने पुसायची आणि त्याच्याच बोटाने बघायची; पहिल्या कटला दोघांनी उभं राहायचं. कुठे कमी पडलं तर पॅकिंग, तेव्हा चर्चा नाही. पैलवानाला विचारलं तेव्हा तो लगेच हो म्हणाला नाही. दुपारभर काम करत राहिला आणि जाताना म्हणाला, "येऊ द्यात. पण मी विचारत राहणार. प्रत्येक वेळी. कंटाळायचं नाही."

पहिल्याच जॉबला भिंग मुद्दाम तपासणीचं टेबल सोडून आला. ताईने खण ओढला, डायल काढला, भिंतीला आतून टेकवला. बाहेरून टेकू फिरवायला घेतला. चिमटीत काहीच नव्हतं. ती एक स्क्रू फिरवते आहे हे तिला फक्त दिसत होतं. काटा हलला. ती थांबली, किंचित मागे आली, काटा परत शून्यावर बसला.

"ताई," भिंग म्हणाला, "भरलं का पोट?"

"तुझ्या मेव्हण्याला लावून बघते आता," ताई म्हणाली. भिंगच आधी हसला. तिचे हात मात्र कापत होते, आणि काटा तेही दाखवत होता. तिने हात खाली घेतले, थांबली, पुन्हा वर घेतले. एक टेकू मधून सरकवून लावायचा हे तिला बोटांवाचूनही माहीत होतं. त्यात वेळ गेला नाही. बाकी सगळ्यात गेला.

पैलवानाने दार लावलं. दोघे समोर उभे राहिले. ताईच्या पाठीमागे तो पोचा होता. तिला तो न बघताही जाणवत होता, मानेपाशी. पूर्वी ती पहिल्या कटला मशीनच्या अंगावर बोटं टेकवून उभी राहायची. आताही सवयीने टेकवली. पत्रा की हवा, काही कळत नव्हतं.

पैलवानाने तिची बोटं बाजूला केली आणि तिथे स्वतःचा तळहात ठेवला. दुसऱ्या हाताने बटण दाबलं. कटर पुढे सरकत आला, पातळ भिंतीला लागला.

"काय लागतंय?" ताईने विचारलं.

"काही नाही."

"काही नाही म्हणजे गुळगुळीत आहे, का काही नाही म्हणजे तुला कळत नाही?"

पैलवानाने हात थोडा दाबला. डोळे मिटले. कटर भिंतीच्या मध्यापर्यंत गेला, जिथे भिंत सगळ्यात सुटी असते.

"थांबा हं," तो म्हणाला. "जरा… नाही. नाही. गुळगुळीत आहे."

"नक्की?"

"तुम्ही ऐका की. कान आहेत ना?"

ती ऐकत होती. कटर कोपरा वळून दुसऱ्या भिंतीला लागला.

"आता?" तिने विचारलं.